बंबाचें झाकण आणि गीझरची कांडी



मराठवाडा म्हटला कीं बाहेरगांवच्या माणसास प्रथम आठवतो तो येथील उन्हाळा. परंतु ज्यानें पौषांतील एक पहांट परभणीस काढली आहे, तो येथील थंडीसही तितकाच मान देतो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख सपाट व उघडा. आकाश निरभ्र असलें म्हणजे दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली ऊब झरझर सोडून देते. मराठवाड्यांतील नीचांकी तपमानाचे आंकडे हिंवाळ्यांत वर्तमानपत्रांत येतात, त्यांत परभणीच्या कृषि विद्यापीठांतील नोंद पुष्कळदां आघाडीवर असते. अशा पहांटे स्नानास ऊन पाणी मिळणें ही चैन नव्हे. घरांतील वृद्धांस व लहान मुलांस तर ती गरजच आहे. हें पाणी आज पुष्कळ घरांत ज्या यंत्रांतून येतें, त्या गीझरची टाकी आंतून कां कुजते, व तें कुजणें आपणांस कसें लांबवितां येईल, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पूर्वीं हें काम तांब्याचा बंब करीत असे. मधोमध उभी नळी, तिच्यांत निखारे, खालीं जाळी व राख, नळीच्या सभोंवार पाणी, एका बाजूस तोटी आणि वर झाकण, अशी त्याची साधी रचना. पाणी ओतावयाचें तर झाकण उघडावें लागे, आणि झाकण उघडलें कीं आंत काय चाललें आहे तें डोळ्यांस दिसे. तळाशीं गाळ बसला तर तो दिसे, हिरवट डाग पडला तर तो दिसे. सणावारीं चिंच व राख घेऊन बंब लखलखीत घांसला जाई, आणि कोठें झिरपूं लागलाच तर तांबट डाख लावून देई. आजोबांचा बंब नातवानें वापरला, अशीं घरें कांहीं थोडीं नव्हतीं. त्यांत तांब्याचा अंगचा गुण होता, हें खरें. परंतु रोज उघडणाऱ्या त्या झाकणाचा वाटाही लहान नव्हता.

गीझरला असें झाकण नाहीं, आणि तेथेंच सर्व गोष्ट फिरते. ‘गीझर’ हा शब्द मूळचा आइसलंड बेटावरील एका उसळत्या ऊन पाण्याच्या झऱ्याचा. आपल्या शेजारीं नांदेड जिल्ह्यांत उनकेश्वर येथें ऊन पाण्याचे झरे आहेत, त्यांचाच हा दूरचा भाऊबंद म्हणाना. १८६८ सालीं लंडनमधील बेंजामिन मॉन या रंगाऱ्यानें गॅसवर पाणी तापविणारें यंत्र केलें व त्याला हें नांव दिलें. पुढें १८८९ सालीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें एडविन रूड यानें पाणी सांठवून तें आपोआप ऊन राखणारें यंत्र सिद्ध केलें. आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेली पांढरी टाकी ही त्याच कुळांतली. तिच्या पोटांत काय चाललें आहे, तें मात्र कोणासही दिसत नाहीं.

आमच्याच घरची हकीकत सांगतों. गीझर बसवून सहावें वर्ष चाललें होतें. एके दिवशीं सकाळीं पहिली बादली किंचित् तांबूस आली. नदीला गढूळ पाणी आलें असेल, असें आम्हीं मानलें. महिन्याभरानें टाकीच्या खालच्या कडेस एक थेंब लोंबूं लागला, व आठवड्यांत त्याची धार झाली. कारागीरानें खालचें झांकण काढलें तेव्हां घमेलेंभर पांढरट भुगा बाहेर पडला, आणि त्यांतून बोटभर लांबीची एक उघडी तार निघाली. मीं विचारलें, ‘ही तार कशाची?’ तो म्हणाला, ‘साहेब, हिच्याभोंवतीं रॉड होता. तो केव्हांच संपला. त्याच्यामागून टाकी संपली.’ टाकीला डाख लावतां येईना. नवा गीझर आणावा लागला. सहा वर्षांत त्या रॉडचें नांवही आम्हीं ऐकलें नव्हतें. गीझरबरोबर आलेल्या पुस्तिकेंत मात्र तें स्वच्छ छापलेलें होतें. पुस्तिका कपाटांत होती, आणि कपाटास कुलूप होतें.

हा रॉड म्हणजे काय, हें समजण्यासाठीं प्रथम टाकी कशी असते तें पाहूं. बहुतेक गीझरांची टाकी पोलादी पत्र्याची असते. उघड्या पोलादांत ऊन पाणी ठेवलें तर तें फार दिवस टिकणार नाहीं, म्हणून तिच्या आंतल्या अंगास काचेचा मुलामा भट्टींत भाजून चढवितात. इनॅमलचीं ताटें व मग आपल्या परिचयाचे आहेत, जात तीच. इनॅमलच्या ताटाचा टवका उडाला म्हणजे त्या ठिकाणीं काळा डाग पडतो, आणि पुढें नेमका तेथेंच गंज धरतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. टाकीच्या मुलाम्यांतही सांध्यापाशीं, नळीच्या तोंडापाशीं, सुईच्या अग्राएवढीं छिद्रें राहतातच. सबंध पत्र्यावर जो हल्ला व्हावयाचा, तो अशा छिद्रावर एकवटतो. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु तेथील लोखंडाकडून विद्युत्कण ओढून घेतो, लोखंड पाण्यांत उतरतें, आणि त्याचाच पुढें तांबूस गंज होतो. पाणी जितकें ऊन, तितकी ही क्रिया जलद.

यावरचा तोड निघाला तो मात्र गीझरसाठीं नव्हे, तर जहाजांसाठीं. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या लांकडी तळास तांब्याचे पत्रे ठोकीत, व तें तांबें समुद्राच्या पाण्यानें झिजत जाई. सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञापुढें हा प्रश्न आला. १८२४ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं, तांब्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडून दिला तर तांबें झिजत नाहीं. झिजतो तो तुकडा. दोन धातु एकमेकांस जोडून खाऱ्या पाण्यांत ठेवले म्हणजे त्यांपैकीं जो अधिक उतावळा, तो आपले विद्युत्कण देऊन टाकतो, व दुसरा सुरक्षित राहतो. गंमत अशी कीं, डेव्हीचा उपाय सफळ झाला आणि तरीही आरमारानें तो सोडला. कारण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेंच जहाजाच्या तळास शिंपल्या चिकटत नव्हत्या. तांबें झिजेनासें झालें तशा त्या दाट चिकटूं लागल्या, आणि जहाजें मंदावलीं. परंतु तत्त्व अमोल होतें. पत्र्याच्या बादलीवर जो जस्ताचा थर असतो तो याच तत्त्वानें काम करतो: बादलीवर ओरखडा उठला तरी लोखंडाच्या आधीं जस्त झिजतें.

गीझरमध्यें हें काम बहुधा जस्तास देत नाहींत. सुमारें ६० अंशांपुढें कांहीं पाण्यांत जस्त व लोखंड यांचें नातें उलटण्याचा संभव असतो. मग रक्षकच भक्षक व्हावयाचा. म्हणून तेथें मॅग्नेशियमची कांडी घालतात. मॅग्नेशियम हा फार उतावळा धातु. मुलाम्याच्या छिद्रांतून जेथें जेथें लोखंड उघडें असेल, तेथें तेथें तो आपले विद्युत्कण पोंचवितो आणि स्वतः विरत जातो. हीच ती कांडी; कारागीर तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. तिच्या पोटांत आधारासाठीं एक पोलादी तार असते. कांडी सरली कीं ती तार तेवढी उरते, आणि त्या दिवसापासून टाकीस कोणी वाली राहत नाहीं. घरांतील एखादें माणूस निमूटपणें सर्वांचें करीत असतें, व तें गेल्यावरच त्याची किंमत कळते. या कांडीचेंही तसेंच आहे.

आतां ही कांडी किती दिवस पुरते? याचें एकच उत्तर देतां येत नाहीं, कारण तें पाण्यावर अवलंबून आहे, आणि येथें परभणीकरांनीं विशेष लक्ष द्यावयास हवें. आपल्या पायांखालचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचा. त्याच्या घटकांत कॅल्शियम व मॅग्नेशियम विपुल. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायॉक्साइड घेऊन या खडकाच्या भेगांतून उतरतें आणि जातां जातां हे क्षार विरघळवून नेतें. म्हणूनच बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड लागतें. त्यांत तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं, व साबणास फेंस येत नाहीं. पिण्याच्या पाण्याविषयींच्या भारतीय मानकाप्रमाणें एकूण कठीणपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरें पाणी उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालतो. येलदरी धरणांतून येणारें पूर्णेचें पाणी निराळें आणि अंगणांतील बोअरचें निराळें. परंतु नळाचें पाणी रोज येतेंच असें नाहीं, म्हणून गच्चीवरील टाकींत दोहोंची मिसळ होते, व तीच गीझरमध्यें उतरते.

जड पाणी दोन प्रकारें त्रास देतें. पहिला प्रकार थराचा. पाण्यांत विरघळलेले हे क्षार तापवितांच फुटतात, त्यांतून कार्बन डायॉक्साइड निघून जातो, आणि चुनखडी खालीं बसते. थोडा हिशेब करूं. समजा, पाण्याचा कठीणपणा लिटरमागें ४०० मिलिग्रॅम आहे आणि घरांत रोज १०० लिटर ऊन पाणी लागतें. वर्षाकांठीं साडेचौदा किलोंहून अधिक क्षार त्या टाकींतून ये-जा करतील. त्यांतील शंभरावा हिस्सा जरी मुक्कामास राहिला, तरी दीडशें ग्रॅमच्या आसपास भुकटी झाली. हा थर प्रथम पाणी तापविणाऱ्या कॉइलवर चढतो. थर उष्णतेस अडवितो, म्हणून कॉइल स्वतः अधिकाधिक तापते, आणि एक दिवस कॉइल जळते. तापतांना गीझरमधून कडकड, खळखळ असा आवाज येऊं लागला तर थर चढल्याची ती वर्दी समजावी.

दुसरा प्रकार कांडीच्या झिजेचा. ज्या पाण्यांत क्षार अधिक, त्यांतून वीज अधिक सुलभतेनें वाहते, आणि वीज सुलभ वाहिली कीं कांडी जलद विरते. चांगल्या पाण्यांत जी कांडी तीन-चार वर्षें चालावी, ती क्षारयुक्त पाण्यांत वर्ष-दोन वर्षांतच संपूं शकते. येथें एक गैरसमज दूर करावयास हवा. पाणी मऊ करणारें यंत्र बसविलें म्हणजे कांडीची काळजी नको, असें पुष्कळांस वाटतें. तें यंत्र कॅल्शियम काढून त्याच्या जागीं सोडियम सोडतें. थर बसण्याचें थांबेल, कॉइल वांचेल. परंतु पाण्याची वीज वाहण्याची शक्ति कमी होत नाहीं. अशा पाण्यांत कांडी उलट अधिक वेगानें सरते. तात्पर्य, यंत्र अवश्य बसवावें, पण कांडी पाहण्याचें सोडूं नये.

मग करावयाचें काय? उत्तर बंबाच्या झाकणांत आहे: वर्षांतून एकदां गीझर उघडावा. यासाठीं दसरा-दिवाळीच्या दरम्यानचे दिवस उत्तम. घराची साफसफाई चालूच असते आणि थंडी दाराशीं असते. हें काम जाणत्या कारागीराकडून करवावें. परंतु घरांतील कोणीतरी जवळ उभें राहून पाहावें. प्रथम गीझरची वीज मुख्य बटनापासून बंद करावी, केवळ गीझरवरील दिव्यावर विसंबूं नये. पाणी पूर्ण निवूं द्यावें. आंत येणाऱ्या पाण्याची तोटी बंद करून ऊन पाण्याची तोटी उघडावी व टाकी रिती करावी. बहुतेक गीझरांत कांडी आणि कॉइल खालच्या एकाच झांकणास बसविलेल्या असतात. तें काढलें म्हणजे दोहोंचें दर्शन होतें.

कांडीवर नुसता पांढरा थर असेल तर तो खरवडून पाहावें. आंत जाड धातु उरला असेल तर चिंता नाहीं. परंतु कांडी मूळच्या जाडीच्या निम्म्याहून बारीक झाली असेल, किंवा कोठें मधली तार दिसूं लागली असेल, तर ‘अजून एक वर्ष जाईल’ असें कारागीर म्हणाला तरी ऐकूं नये. कांडीची किंमत गीझरच्या किंमतीपुढें नाममात्र आहे. कॉइलवरील थर काढण्यासाठीं वाण्याकडे मिळणारें लिंबूसत्त्व कोमट पाण्यांत घालून त्यांत कॉइल भिजत ठेवावी. थर विरघळून सुटतो. फरशी धुण्याचें तीव्र अ‍ॅसिड मात्र कटाक्षानें टाळावें. तें चुनखडीबरोबर धातूही खातें. लिंबूसत्त्वांतही मॅग्नेशियमची कांडी बुडवूं नये. झांकणाखालचें रबर प्रत्येक वेळीं नवें घालावें. सर्व बसविल्यावर प्रथम पाणी सोडावें, ऊन पाण्याच्या तोटींतून अखंड धार येऊं द्यावी, आणि मगच वीज सुरू करावी. कोरड्या टाकींत कॉइल तापली तर ती जळण्यास वेळ लागत नाहीं. गच्चीवरील टाकी रिकामी झाली असतांना गीझर चालू राहणें हें याच कारणास्तव घातक आहे.

तपमानाविषयींही दोन शब्द. खटका शेवटापर्यंत फिरवून पाणी उकळतें करावें व मग त्यांत बादलीभर गार पाणी मिसळावें, ही आपली जुनी संवय. तीमुळें थरही वाढतो व गंजही. पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवणें सर्व दृष्टींनीं बरें. त्याहून फार खालीं आणून पाणी नुसतें कोमट ठेवणेंही इष्ट नाहीं, कारण सांठलेल्या कोमट पाण्यांत कांहीं रोगजंतु वाढतात.

यापुढें जें सांगणार आहें तें पैशाचें नव्हे, जिवाचें आहे. पाणी तापलें कीं फुगतें. २५ लिटरच्या टाकींतील पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलें म्हणजे तें सुमारें साडेतीनशें मिलिलिटर, म्हणजे एक मोठा पेलाभर, अधिक जागा मागतें. ही जागा देण्यासाठीं गीझरच्या खालीं सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तापतांना त्यांतून चार थेंब पडणें हें त्याच्या प्रकृतीचें लक्षण आहे. ‘गळतो’ म्हणून त्याच्या तोंडांत बोळा घालणें किंवा तेथें बूच ठोकणें म्हणजे टाकीचा बाँब करणें होय. जड पाण्याचा थर हाच बूच आपोआप घालूं शकतो. म्हणून व्हॉल्व्हास छोटा दांडा असेल तर तो महिन्यांतून एकदां, पाणी गार असतां, उचलून पाणी वाहतें कीं नाहीं तें पाहावें. टाकी गळूं लागली कीं पाणी विजेच्या तारांपर्यंत पोंचूं शकतें. म्हणून अर्थिंगची तपासणीही त्याच दिवशीं करवून घ्यावी, आणि तोटीस हात लावतांच किंचित् जरी झिणझिणी आली तरी गीझर तत्काळ बंद करावा.

आणखी एक गोष्ट. मॅग्नेशियम विरतांना थोडा हायड्रोजन वायु निघतो. रोजच्या वापरांत तो पाण्याबरोबर निघून जातो. परंतु घर पंधरा दिवसांहून अधिक बंद राहिलें असेल, तर तो टाकींत सांचून राहण्याचा संभव असतो, व तो जळणारा आहे. परतल्यावर खिडकी उघडून, जवळपास ज्योत नाहीं असें पाहून, ऊन पाण्याची तोटी थोडा वेळ वाहूं द्यावी. मग वीज सुरू करावी. पाण्यास कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधि येऊं लागली तर तीही बहुधा कांडी व पाण्यांतील विशिष्ट जंतु यांच्या संगतीचा परिणाम असतो. अशा वेळीं कांडी काढून टाकूं नये. जस्त मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची दुसऱ्या जातीची कांडी मिळते, ती बसवावी.

प्रत्येक गीझरांत कांडी असतेच असें नाहीं. कांहींच्या टाक्या बिनगंजी पोलादाच्या असतात. परंतु ‘बिनगंजी’ या नांवावर फार भिस्त ठेवूं नये, कारण ऊन व मिठाचा अंश असलेल्या पाण्यांत त्या पोलादासही सांध्यापाशीं खड्डे पडतात. गच्चीवरील सौरबंबाच्या पुष्कळ टाक्यांतही अशीच कांडी बसविलेली असते, आणि तिच्याकडे तर कोणी जिना चढूनही जात नाहीं. आपल्या घरीं कोणता प्रकार आहे तें पुस्तिकेंत पाहावें. कुलूप असल्यास किल्ली शोधावी.

आमच्या नव्या गीझरच्या अंगावर आम्हीं एक चिठ्ठी चिकटविली आहे. तीवर कांडी बदलल्याची तारीख असते, आणि खालीं पुढील दसऱ्याची. एवढ्या एका चिठ्ठीनें त्या बंद टाकीस पुन्हां झाकण आलें आहे, असें मला वाटतें. बंबाच्या काळीं पाहणें आपोआप घडत होतें. आतां तें आठवणीनें घडवावें लागतें, इतकाच काय तो फरक. आज घरीं गेल्यावर, नव्हे, हें भाषण संपल्यावर उठून, आपल्या गीझरवर शेवटची कांडी केव्हां बसली याचा शोध घ्यावा, आणि उत्तर मिळालें नाहीं तर तेंच उत्तर समजावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.